मैदान सोडू नका

आनंदनगरच्या कारखान्यांना खेटून असलेल्या त्या वस्तीत शीलाला माइक लागत नसे. जयंतीची वर्गणी असो की पाण्याचा टँकर, विहाराच्या पायरीवरून तिने हाक दिली की बायका हातातलं काम टाकून निघायच्या. भांडणात दोन्ही बाजू तिलाच बोल लावायच्या आणि शेवटी तिचंच ऐकायच्या.

एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने हे बरोबर हेरलं. दर मार्चला तो वायुगळतीचा सराव घ्यायचा: सायरन झाला की सगळ्यांनी कारखान्याच्या भिंतीलगतच्या मैदानात जमायचं. माणसं आणायचं काम शीलाचं. सराव दुपारचा, तेव्हा वारा मैदानाकडून कारखान्याकडे असायचा. फोटो निघायचे, वडापाव वाटले जायचे. वाऱ्याचा विषय कुणी काढला नाही.

२००६च्या डिसेंबरात भल्या सकाळी सायरन झाला. शीलाने हाक दिली.

“आत्ता? एवढ्या थंडीत?” शेजारची द्रौपदी मिश्री लावत ओरडली. “फोटोवाल्याला सांग, तोंड तरी धुऊ दे!”

“द्रौपदे, मुकाट चल.”

दमेकरी सासूला, गयाबाईला, धरून शीलाने मैदानात आणून बसवलं. वस्ती तिच्यामागून आली. आणि भिंतीवरून पांढुरका धूर खाली उतरू लागला. आंबट, घसा ओरबाडणारा. सकाळचा वारा उलटा होता.

तिने अधिकाऱ्याला फोन लावला. “साहेब, धूर आमच्याच अंगावर येतोय. हलवू का लोकांना?”

“मैदान सोडू नका, ताई. किरकोळ गळती आहे. तुम्हाला न्यायला गाड्या तिथेच येतायत. तुम्ही घाबरलात तर सगळे पळत सुटतील.”

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून शीला घाबरली नाही.

“तोंडाला पदर लावा. बसा. गाडी येतेय.”

“शीले, डोळे जळतायत गं,” द्रौपदी उठली.

“बस म्हटलं ना!” शीलाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ती बसली. तिच्याकडे बघून बाकीच्याही बसल्या.

गयाबाईची मान कलली तेव्हा कुठे शीला ओरडली, “पळा!” तोवर पळण्याइतका श्वास सगळ्यांकडे उरला नव्हता. गाड्या आल्या त्या कारखान्याच्या फाटकाशी. मैदानाकडे एकही वळली नाही.

गयाबाईने इस्पितळात आठवडाही काढला नाही. वस्तीतली आणखीही काही माणसं गेली.

पुढे विहारात सभा झाली. अधिकारी हात जोडून म्हणाला, “सूचना वेळेत दिली होती. घाबरून मैदान सोडलं, म्हणून त्रास वाढला. ताई, तुम्हीच समजावा. तुमचं ऐकतात.”

शीला उठली. “मैदान सोडलं म्हणून नाही, सोडलं नाही म्हणून माणसं गेली. ह्यांनी मला थांबवलं, मी तुम्हाला. माझी सासू माझ्या शब्दावर बसून होती.”

खोकल्याचे आवाज तेवढे येत राहिले. शीला एकेकीकडे बघत होती. एकही नजर वर आली नाही.

“ताई दुःखात आहेत,” अधिकारी हळू आवाजात म्हणाला. “समजू शकतो. मार्चच्या सरावासाठी दुसरं कुणी बघू. तुमच्यात आणखी चांगलं कोण बोलतं?”

मागून कुणीतरी द्रौपदीचं नाव घेतलं. द्रौपदीने शीलाकडे पाहिलं नाही. खोकला दाबत, पदर सारखा करत ती उभी राहिली.