झाकलेले दोन तारे

रिअर अ‍ॅडमिरल झाल्यावर दादा पहिल्यांदाच सदाशिव पेठेत घरी येणार होता. सकाळपासून माझा पाय काही घरात ठरत नव्हता.

बाबांना मात्र कशाचंच कौतुक नाही. निवृत्त गणिताचे मास्तर! दादा नौदलात निघाला तेव्हा म्हणाले, "मुठेच्या काठी वाढलेल्याला समुद्र काय कळणार?" त्याच्या ताब्यात पहिलं जहाज आलं तेव्हा म्हणाले, "बुडवू नकोस म्हणजे झालं." बढती मिळाली की दादा आधी घरी फोन करायचा, आणि बाबा विचारायचे, "म्हणजे अजून वर कोणी आहेच ना?" मग फोन माझ्याकडे यायचा. "एकदा तरी शाब्बास म्हणतील का गं?" दादा हसत विचारायचा, पण ते हसू काही खरं नसायचं. मला बाबांचा भयंकर राग यायचा.

गाडी बोळात येऊन थांबली. पुढे निळी पाटी, पाटीवर दादाच्या हुद्द्याचे दोन तारे! मी तर टाळ्याच पिटल्या. दादा वर आला, बाबांच्या पाया पडला. "आलास? बरं," म्हणाले आणि काठी घेऊन दूध आणायला खाली गेले. दादा कपडे बदलून चहाला बसला.

इतक्यात खाली आवाज चढले. गॅलरीतून बघते तर काय, ड्रायव्हरने पाटीवर काळं कव्हर चढवलेलं आणि बाबा ते ओढून काढतायत!

"आजोबा, साहेब गाडीत नसले की तारे झाकावे लागतात. नियम आहे," तो बिचारा अजिजीने सांगत होता.

"जन्मभर राबून मिळवले ते झाकून ठेवायला? साहेबच हवाय ना गाडीत?" बाबांनी वर बघून आरोळी ठोकली, "अरे ए, खाली ये! गाडीत बस!"

आणि दादा गेला! बनियन-लेंग्यावर, कप माझ्या हातात कोंबून, जिना धडाधड उतरून मागच्या सीटवर ताठ बसला. ड्रायव्हरने कव्हर काढलं आणि कडक सलाम ठोकला. मी मागोमाग धावले.

तोवर बोळ गोळा झाला होता. समोरचे डॉक्टर, क्लासला निघालेल्या मुली, स्कूटरवाले. बाबा काठीने दाखवत होते, "हा एक. हा दुसरा. माझ्या मुलाचे आहेत." नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून.

मी खिडकीशी वाकले. दादाचे गाल भिजले होते.

"बाहेर ये की, उकडतंय आत," मी म्हटलं.

"नको गं," तो म्हणाला. "मी उतरलो तर तारे झाकावे लागतील. बाबांचं होऊ दे."