तेलाचा आणखी एक हात

शेजाऱ्यांनी आज गच्चीतल्या लाकडी टेबलाला जवसाचं तेल लावलं. त्या वासाने मी मालवणच्या आमच्या अंगणात पोचले. सन एकोणीसशे साठच्या आसपास. थोरली बहीण शालन क्षयाने अंथरुणावर होती. तिला एकदा अंगणातल्या टेबलावर जेवायचं होतं. पावसाने करडं पडलेलं ते टेबल बाबांनी काचपेपरने घासलं, तेल लावलं.

"बाबा, सुकला काय?" ती खिडकीतून रोज विचारी.

"नाय गो, अजून ओला आसा."

ती आता उठणार नाही, असं डॉक्टर बाबांना सांगून गेले होते. म्हणून ते पहाटे तेलाचा आणखी एक हात देत. मला मात्र त्यांच्या संथपणाचा राग येई.

एका सकाळी शालनच हळू म्हणाली, "पुरे आता, बाबा. हात दुखतले तुमचे."