धोंडाबाईची लाकडं

पौडच्या पेठेत माझ्या पिठाच्या गिरणीसमोर बाबालालचं खरादाचं दुकान होतं. दुकान कसलं, पुढं पत्रा टाकलेली एक खोली. आत बापाच्या वेळचा खरादाचा सागवानी सांगाडा, त्याला नंतर बसवलेली मोटर आणि घोट्याएवढा भुसा. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब असं सगळं तो कातायचा, पण मुख्य धंदा बाजेच्या पायांचा. मुळशीत जो कोणी बाजेवर पाठ टेकत होता, तो बाबालालच्या नाहीतर त्याच्या बापाच्या जिवावर झोपत होता. बाबालालला मात्र त्याचं काही वाटत नसे.

"बाजंचा पाय कोन बघतं?" तो म्हणायचा. "वर झोपत्यात आन् खाली चपला ठेवत्यात."

"आरं, माजं पीठ तरी कोन बघतं? खात्यात आन् ढेकर देत्यात," मी गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगायचो. त्याला ते पटत नसे. माणूस भला, कामाला चोख, पण कौतुकाचा भुकेला. एकदा त्यानं आंब्याच्या कुजकट लाकडाचा तुकडा गंमत म्हणून कातला. धरण बघायला निघालेला पुण्याचा एक साहेब चहाला थांबला होता, त्यानं तो उचलून उजेडात फिरवून फिरवून पाहिला. झालं! त्या दिवसापासून बाबालालचं बाजेच्या पायांतलं लक्षच उडालं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट. धरणाच्या वाटेवर एक वाडी आहे, तिथं धोंडाबाई नावाची म्हातारी राहायची. नातवाच्या पाळण्यासाठी तिनं बाबालालला बोलावलं. मापं घेताना त्याचं लक्ष गोठ्यामागच्या पडवीत रचलेल्या आंब्याच्या ओंडक्यांकडे गेलं. झडीचं पाणी लागून त्यांना बुरशी धरली होती आणि कापलेल्या तोंडावर बारीक काळ्या रेषा उमटल्या होत्या, कुणी बोरूनं काढाव्यात तशा. लाकूड कुजायला लागलं की मधल्या दोन-चार वर्षांतच ही नक्षी येते. आधी कापलं तर कोरं निघतं, उशीर केला तर हातात भुगा येतो.

"मावशी, ह्यातला एक ओंडका देता का मला?"

"न्हाई रं बाबा. ती माज्या सरणाची लाकडं हायेत."

म्हातारीचं काही चुकत नव्हतं. तिचा नवरा ऐन आषाढात गेला होता. आमच्याकडच्या पावसात चूल पेटवायची मारामार, तिथं माणूस कशावर जाळायचा? लोकांनी रॉकेलचे डबे ओतले तरी सरण नुसतं धुमसत राहिलं. दोन दिवस तिला अंगणातून तो धूर दिसत होता. पुढच्या उन्हाळ्यात तिनं नवऱ्यानं लावलेला आंबा तोडवला आणि स्वतःसाठी रचून ठेवला.

"मला राकेल नगं," ती म्हणाली. "माजं मी कोरड्या लाकडावर जानार."

"पर मावशी, हा आंबा कुजतोय. तुमचा टाइम येईस्तवर ह्याची माती व्हईल. मला द्या. एका ओंडक्याला ऐनाची दोन वाळकी लाकडं देतो."

यात खोटं काहीच नव्हतं. आंबा खरोखरच कुजत होता आणि ऐन जळायला केव्हाही चांगला. म्हातारीनं विचार केला. "लाकडाला लाकूड," ती म्हणाली, "पर मिरगाच्या आदी आनून टाकायचं."

पहिल्या वर्षी बाबालालनं शब्द पाळला. ऐनाची लाकडं पोचवली आणि आंब्याचा ओंडका आणून त्याचा गडू कातला. लोहाराकडून त्यानं टोकाला वाकडं पटाशीसारखं हत्यार करून घेतलं होतं. करंगळीएवढ्या तोंडातून ते आत घालायचं आणि आतलं काही न दिसता सगळा गर कोरून काढायचा. आवाज बारीक झाला की भिंत पातळ झाली असं समजायचं, आणि थांबायचं. मग जवसाचं तेल चोळलं की काळ्या रेषा अशा उठून दिसत की माझ्यासारखा रुक्ष माणूसही पीठ झटकून बघायला जात असे. सुंदर होतं ते काम, उगाच नाही कशाला म्हणू?

पहिला गडू त्यानं म्हातारीलाच नेऊन दिला. तिनं तो उलटासुलटा केला. "ह्यात काय घालू रं? बोट सुदिक जात न्हाई." पुढच्या खेपेला मात्र तिनं सांगितलं की त्यात मिरे घालून कापूर ठेवलाय, लई ब्येस राहतोय.

मग पुण्याचा साहेब आला, त्याचे मित्र आले. बंगल्यातल्या काचेच्या कपाटात बाबालालचे गडू जाऊन बसले. बाबालाल दर वर्षी ओंडके आणत गेला आणि ऐन पोचवणं पुढं ढकलत गेला. दिवाळी झाली की टाकतो. शिमगा झाला की टाकतो. त्याची बायको ताजबी चिडायची. "म्हातारीचं सरण घरात आनून ठिवलंय, झोप कशी लागती तुमाला?"

"आगं, ती ठणठणीत हाय. तुज्यामाज्या आदी न्हाई जायाची."

शेवटच्या वर्षी पुण्यात श्रावणात प्रदर्शन ठरलं. कुणीतरी बाबालालला 'कलाकार' म्हणालं होतं, आणि तो शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं पडवीतले उरलेले सगळे ओंडके आणले. पहिल्या वर्षीचा ऐन म्हातारीनं थोरल्या जावेच्या सरणाला काढून दिला होता, म्हणजे पडवी आता रिकामी. नवा ऐन वखारीत बघून ठेवला होता, बैलगाडी सांगायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात मृग लागला, वखारीतला ऐन भिजला, आणि बाबालाल गडू कोरत बसला. मला त्याचा राग तेव्हाही आला होता, आजही येतो.

आषाढातल्या एका सकाळी धोंडाबाई चुलीपुढं बसल्याबसल्या गेली.

वाडीतला माणूस भिजत पौडला आला. त्याचा निरोप ऐकताच बाबालालनं खराद बंद केला. प्रदर्शनाचे सगळे गडू त्यानं दोन पोत्यांत भरले. माझ्या मेहुण्याचा टेम्पो होता, त्यात बसून आम्ही वर गेलो. स्मशानात माणसं पत्रे डोक्यावर धरून उभी होती. घराघरातून आणलेली लाकडं ओलीच होती. बाबालालनं गडू सरणाच्या पोटात खुपसले.

धोंडाबाईचा मुलगा कुशाबा पुढं आला. त्याच्या हातात म्हातारीचा तो पहिला गडू होता. "आय म्हनली व्हती, बाबालालचा ऐन येनार हाय, त्येच्यावर येवढा कापूर बास व्हईल. राकेलला हात लावू नगा." त्यानं गडू उपडा करून कापूर सरणावर टाकला आणि अग्नी दिला.

तेल प्यायलेले गडू भपकन पेटले. पण पोकळच ते. क्षणभर मोठा जाळ झाला, आणि मग पुन्हा धूर. कुणीतरी रॉकेलचा डबा पुढं केला.

"थांबा," बाबालाल म्हणाला. "थोडा येळ थांबा. पाया पडतो."

आम्ही पौडला परत आलो. त्यानं करवत घेतली आणि बापाच्या खरादाचा सांगाडा कापायला सुरुवात केली. ताजबीनं करवतीचं दुसरं टोक धरलं. सांगाडा, कडेच्या फळ्या, कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेले, विकायचे राहून गेलेले बाजेचे पाय, सगळं आम्ही ताडपत्रीखाली घालून वर नेलं. ते लाकूड पेटलं. त्याच्या धगीनं वरचं ओलं लाकूडही वाळून पेटलं आणि संध्याकाळपर्यंत धडधडून जळत राहिलं. रॉकेलचा डबा तसाच परत गेला. कुशाबानं बाबालालचा हात धरला, पण बाबालालला मान वर करवेना.

प्रदर्शन झालं नाही. बाबालाल पिरंगुटला एका कारखान्यात लागला, माल चढवायच्या कामाला. मोटर भंगारात गेली. पुण्याचा साहेब दोनदा चौकशी करून गेला. त्याच्या कपाटात धोंडाबाईच्या सरणातलं लाकूड अजून आहे हे त्याला कोण सांगणार?

पण दर चैत्रात बाबालाल गाडीभर वाळका ऐन त्या वाडीत नेऊन टाकायचा, कुशाबानं नको म्हटलं तरी. वाडीतलं पावसाळ्यात कोणी वारलं की ती लाकडं उपयोगी पडत. एकदा त्याला गाडीत लाकडं भरताना बघून माझ्यानं राहवलं नाही.

"बाबालाल, आता पुरं की. सोन्यासारखा खराद जाळलास. एवडं कशाला जिवाला लावून घेतोस?"

तो वाकून लाकडं रचत राहिला.

"आमच्यात मयत मातीत जाती," शेवटी तो म्हणाला. "पाऊस असू दे न्हाईतर काय बी असू दे. वाळक्या लाकडाची काळजी आमाला कदी करावीच लागली न्हाई. म्हनून तितं मला म्हातारीचं सरण दिसलं न्हाई. नक्षी दिसली."

मग त्यानं गाडीला दोर आवळला आणि बैल हाकले.