एनंदी मास्तरांची झोप

आमचे मास्तर शिकवता शिकवता झोपत. डुलकी नव्हे, चांगली झोप. भिंतीला पाठ, मांडीवर हात, तोंड किंचित उघडं, आणि समोर बसून आम्ही केमिस्ट्रीच्या व्याख्या म्हणतोय. म्हणणं बरोबर चाललंय तोवर त्यांचा श्वास संथ. एक शब्द इकडचा तिकडे झाला, की मिटल्या डोळ्यांनीच आवाज यायचा, “एनंदी?” म्हणजे, काय म्हणालीस? मराठी घरातला माणूस, शिकवायचे मराठीत आणि इंग्रजीत, पण झोपेतून उठायचे ते कानडीत. म्हणून ते एनंदी मास्तर. आम्ही मध्येच गप्प बसलो तरी त्यांना जाग यायची, पिठाची गिरणी थांबली की शेजारच्याला येते तशी. त्यामुळे त्यांना झोपू द्यायचं तर बोलत राहायचं आणि बरोबर बोलत राहायचं, दुसरा इलाज नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी इंटर सायन्सला केमिस्ट्रीत आपटले होते. बाकी सगळं निघालं, केमिस्ट्री राहिली. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान, आणि वडील गेल्यापासून सगळा कारभार अण्णाच्या हातात. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दुष्ट वगैरे मुळीच नव्हता. दमलेला होता, आणि दमलेल्या माणसाला घरातला एखादा प्रश्न तरी मिटावा असं वाटतं. तो म्हणाला, “ऑक्टोबरात निघालीस तर पुढे शीक, मी आड येणार नाही. नाही निघालीस तर मार्गशीर्षात निपाणीकरांना होकार कळवतो.” निपाणीकरांची तंबाखूची वखार होती, मुलगाही चांगला होता म्हणे. असेल बाई. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, मला ते नकोच होतं.

धारवाडच्या कॉलेजात एक डेमॉन्स्ट्रेटर नापासांची उजळणी घेतात असं कुणीतरी सांगितलं. राहतात हुबळीतच, कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत. अण्णानं एवढंच विचारलं, “घरात बायकामाणूस आहे ना?” बायकामाणूस होतं. मास्तरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. धारवाडची ओली हवा त्यांना सोसत नसे, म्हणून मास्तर बिऱ्हाड हुबळीत ठेवून रोज गाडीनं जाऊन-येऊन करत. संध्याकाळी स्टेशनवरून घरी येत, हातपाय धुऊन, चहाचा पेला खाली ठेवत आणि भिंतीला टेकत. झाला तास सुरू.

आम्ही दोघंच होतो. दुसरा एक मुलगा रायापूरहून सायकल मारत यायचा, घामाघूम होऊन. मास्तर आम्हाला नावानं हाक मारत नसत. “माणसाचं नाव माझ्या लक्षात राहत नाही, पत्ता राहतो,” म्हणायचे. म्हणून मी दाजीबानपेठ आणि तो रायापूर. “काय गं दाजीबानपेठ, आज उगवलीस?” “रायापूर, पंप मारलास का चाकात, की निम्मी वाट ढकलत आलास?” पहिल्या दिवशी मला राग आला होता. पुढे पुण्याला शिकायला गेले तेव्हा कोणी नुसत्या नावानं हाक मारली की ओ द्यायला मला एक क्षण लागायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “मी नवीन काही शिकवणार नाही. तुम्हाला सगळं येतं, फक्त जागच्या जागी नाही. मुळातलं तेवढं पुन्हा लावू.” मुळातलं म्हणजे मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, अणू, रेणू, अणुभार, आम्ल, अल्कली, क्षार. तेच रोज, पुन्हा पहिल्यापासून. आधी इंग्रजीत म्हणायचं, मग मराठीत, आणि रायापूरच्या घरात कानडी जास्त, म्हणून त्यानं कानडीतही. नियम सांगताना नियम ज्यानं शोधला त्याचं नाव आधी घेतलं की ते वैतागत. “मालकाचं नाव शेवटी सांग. नाही सांगितलंस तरी वायूला काही वाटत नाही. दाब वाढला की तो आपला मुकाट आक्रसतो.”

एकदाच त्यांना मी उत्साहात पाहिलं. स्फटिकातल्या पाण्याची व्याख्या आम्ही पोपटासारखी म्हटली आणि त्यात चूक नव्हती, पण रायापूरनं विचारलं, “मास्तर, कोरड्या खड्यात पाणी कुठे बसतं?” मास्तर खरोखरच उठले. कोनाड्यातली मोरचुदाची पुडी काढली, काकूंचा लोखंडी डाव घेतला आणि शेगडीवर धरला. निळेभोर खडे बघता बघता पांढरेफटक पडले, चुन्यासारखे. मग बोटानं एक थेंब पाणी टाकलं, आणि पुन्हा निळे. आम्ही तोंडं उघडी टाकून बघत होतो. “पाणी गेलं की रंग गेला. पाणी दिलं की आला. पाठ काय करायचंय त्यात?” आतून काकूंचा धापेचा आवाज आला, “अहो, मोरचूद विषारी ना? मग आता आमटी कशानं वाढू, हातानं?” मास्तरांनी डाव परसात नेऊन पुरला, आणि परत येऊन भिंतीला टेकले. दोन मिनिटांत झोप.

माझी चूक ठरलेली होती. अणुभार म्हणजे तुल्यभार गुणिले व्हॅलन्सी. मी म्हणायची, तुल्यभार भागिले व्हॅलन्सी. दरवेळी. “एनंदी?” ते डोळे न उघडता विचारत, “ऑक्सिजनच्या अणूला हात किती?” मी म्हणे, दोन. “एका हाताच्या वाट्याला आठ. मिळून किती?” सोळा. “मग भागिले कुठल्या दुकानातून आणलंस, दाजीबानपेठ?” मला समजायचं, पटायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोंडातून पुन्हा भागिले बाहेर पडायचं. काय करणार! जीभ म्हणजे मेली मेंदूच्या हाताखाली काम करत नाही. पण मास्तर चिडले नाहीत कधी. चिडायलाही थोडं बळ लागतं, ते त्यांच्यात उरलेलं नसायचं.

मला मात्र त्यांच्या झोपेचा मनस्वी राग येई. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे घोरताहेत. श्रावणातली गोष्ट. रायापूर आला नव्हता, मास्तर अजून स्टेशनवरून यायचे होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंजवळ बसले होते. खोलीत कसला तरी कडवट धूर भरला होता. धोत्र्याची वाळलेली पानं जाळून त्याचा धूर त्या दम्यावर घेत, हे मला तेव्हा कळलं. बोलता बोलता मी म्हणून गेले, “मास्तर फार झोपतात हो.”

काकू हसल्या, आणि हसल्या म्हणून त्यांना धाप लागली. शांत झाल्यावर म्हणाल्या, “अगं, मला आडवं पडता येत नाही. रात्रभर यांच्या पाठीला पाठ लावून बसते. मी झोपले की ते झोपणार. आणि मी काही झोपत नाही. किती वर्षं झाली, देवच जाणे. तुमच्या तासाला तेवढी त्यांची पाठ टेकते. मग तू भागिले म्हणतेस.” आणि मग अगदी सहज म्हणाल्या, जसं एखादीला मीठ कमी घाल म्हणून सांगावं, “चुका जरा कमी करत जा गं.”

त्या संध्याकाळी मी रायापूरला गल्लीच्या तोंडाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, “अक्का, एक तास बिनचूक? आपण?” दोघं नापास, आणि बेत हा! पण खरं सांगते, निपाणीच्या धाकानं जे झालं नव्हतं ते त्या बेतानं झालं. घरी पोळ्या लाटताना मी व्याख्या म्हणे. आई म्हणायची, ही पोर आता पोळीला पण व्हॅलन्सी लावणार. तो म्हणे सायकलवर, रस्त्यावरच्या बैलगाड्यांना ऐकवत. तासाला एक थकला की दुसऱ्यानं वाक्य मध्येच उचलायचं, खंड पडू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी दहाएक मिनिटं टिकलो. मग अर्धा तास. गौरी-गणपती उलटून गेल्यावर एकदा आख्खा तास पार पडला. क्षारांपर्यंत आलो आणि गप्प झालो तेव्हा मास्तर दचकून उठले. “एनंदी?” “काही नाही मास्तर, तास संपला.” त्यांनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा त्या दिवशी दहा वर्षांनी लहान दिसत होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अण्णा बघायला आला. दारात उभा राहून पाहतो तर मास्तर घोरताहेत आणि आम्ही दोघं हलक्या आवाजात आम्लं आणि अल्कली म्हणतोय. “हे काय चाललंय?” अण्णा म्हणाला. “झोपलेल्या माणसाकडून शिकतेस? ऊठ. चल घरी. निपाणीला आजच कळवतो.” रायापूर बिचारा बोलणं न थांबवता माझ्याकडे बघत होता, घामाघूम. मी उठले, अण्णाजवळ गेले आणि म्हणाले, “अण्णा, तू एक वाक्य म्हण. पाण्यात काय असतं, एवढंच.” अण्णाला वाटलं मी त्याची परीक्षा घेतेय. घुश्शातच म्हणाला, “मला काय माहीत नाही? एक भाग हायड्रोजन, दोन भाग ऑक्सिजन!”

“एनंदी?” भिंतीजवळून आवाज आला. “उलटं. हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक.” मग मास्तरांनी डोळे उघडले, समोर टोपीवाला परका गृहस्थ पाहिला, गडबडीनं धोतर सावरलं आणि कानडीतलं अहो-जाहो लावून अदबीनं म्हणाले, “एनंद्री? या, बसा.” काकू आत हसून हसून धापा टाकत होत्या. अण्णा मला घेऊन घरी निघाला. दुकानाच्या पायरीशी पोचल्यावर म्हणाला, “झोपेत हे, तर जागेपणी काय असेल! जात जा.” झालं. माझं बूड त्या सतरंजीवर शाबूत राहिलं.

ऑक्टोबरात आम्ही दोघंही पास झालो. पेढे घेऊन गेले तेव्हा मास्तर चहा पीत होते. पाया पडले. ते म्हणाले, “निघालीस? बरं झालं.” आणि पेल्यात बघत म्हणाले, “नापास झाली असतीस तर अजून एक वर्ष झोप झाली असती माझी.” म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मला रडू कोसळलं. काकूंनी आतून ओरडून विचारलं, काय झालं? मास्तर म्हणाले, “काही नाही, पाणी सुटलं.”

पुढे अण्णानं शब्द पाळला. मी बी.एस्‌सी. झाले, बेळगावला शाळेत लागले, आणि तीच मूलद्रव्यं, तीच संयुगं पोरींच्या गळी उतरवू लागले. लढाईच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा काकू गेल्याचं कळलं. चार वाजता मास्तरांकडे गेले. त्याच भिंतीला टेकून बसले होते, पण डोळे टक्क उघडे. धुराचा वास नव्हता घरात. मला बघून म्हणाले, “ये दाजीबानपेठ.” मी म्हटलं, “मास्तर, आता जरा आराम पडत असेल.” बोलले आणि जीभ चावली. ते म्हणाले, “रात्र सगळी मोकळी आहे गं आता. झोपच येत नाही. पाठ टेकली की मागे काही लागत नाही. जाग येते.”

मी चहा केला, दोघं प्यायलो. मला संध्याकाळच्या गाडीनं बेळगावला परतायचं होतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, “जाशील. त्याआधी जरा म्हण काहीतरी.” “काय म्हणू?” “मुळातलं.”

मी पदर सावरून सतरंजीवर बसले आणि सुरू केलं. मूलद्रव्य म्हणजे काय, संयुग म्हणजे काय, मिश्रण आणि संयुग यांत फरक काय. अणूपाशी त्यांचे डोळे जड झाले. रेणूपाशी मिटले. अणुभाराला आले तेव्हा तोंड किंचित उघडलं होतं. मी सावकाश म्हटलं, तुल्यभार गुणिले व्हॅलन्सी. श्वास संथ. बाहेर उन्हं उतरली होती, गाडीची वेळ होत आली होती, आणि थांबले तर ते उठणार. मग मी बोलत बोलतच उठले. आम्ल म्हणत पिशवी घेतली, अल्कली म्हणत चपला घातल्या. त्यांच्या अंगावर पंचा टाकला तेव्हा क्षारावर आले होते. उंबऱ्यात उभी राहून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आवाज थोडा थोडा उतरवत. अंगणातून, फाटकातून, गल्लीत येईपर्यंत म्हणत होते. समोरची एक बाई कणगीतले गहू काढायचे सोडून माझ्याकडे बघत राहिली. मग मी गप्प झाले आणि कान देऊन थांबले. एनंदी आलं नाही.

पावसाळा लागता लागता रायापूरचं कार्ड आलं, मास्तर गेले म्हणून. आता मीही निवृत्त आहे, रात्री छताकडे बघत पडते, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते. त्या दिवशी मला त्यांचा नीट निरोप घ्यायचा होता. पाया पडायचं होतं, काकूंबद्दल दोन शब्द बोलायचे होते, तुमच्यामुळे माझं आयुष्य झालं हे एकदा तोंडानं सांगायचं होतं. त्यांना उठवायला एकच शब्द पुरे होता, आणि तो जन्मभर माझ्या जिभेच्या टोकावर होता. भागिले.

मी गुणिले म्हणाले.