पावसात रुसणारा डायनॅमो

“मिस्त्री, परत विझला!”

नर्सबाईंनी सायकल दुकानाच्या फळीला टेकवली आणि छत्री झटकली. पाणी माझ्या अंगावर. आधीच माझं डोकं तापलेलं. तोच दिवा, तीच तक्रार, आणि पुन्हा माझंच दुकान.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लोणावळ्याच्या दवाखान्याची मोटर झाकून ठेवलेली. नर्सबाई वलवणला राहायच्या आणि बाळंतिणी बघायला सायकलवरून थेट कार्ल्यापर्यंत जायच्या. आमच्याकडे श्रावणात धुकं उतरलं की दुपारीच दिवेलागण होते. तेलाचा दिवा वाऱ्यानं विझतो, म्हणून मीच त्यांना डायनॅमो बसवून दिला होता. मोठ्या तोऱ्यात!

डायनॅमो म्हणजे बाटलीएवढं यंत्र. त्याच्या डोक्यावर एक छोटी दातेरी चकरी असते. ती टायरच्या कडेला टेकून फिरते, आतून करंट निघतो आणि दिवा लागतो. टायर ओला झाला की चकरी थोडी घसरते, हे मला ठाऊक होतं. पण थोडी! बाईंचा दिवा तर पाऊस लागला की पार मरायचा.

मी बल्ब बदलला. वायर नवी टाकली. चकरीवर जुन्या ट्यूबची टोपी चढवली. दरवेळी चाक फडक्यानं कोरडं करायचं, स्टॅंडवर फिरवायचं, की दिवा लख्ख! आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर.

त्या दिवशी मात्र त्यांच्या मागोमाग डॉक्टरसाहेबही आले.

“मिस्त्री, काल धुक्यात लॉरी बाईंच्या अंगावरच येत होती. उद्या संध्याकाळी दिवा मला पावसात लागलेला दिसला पाहिजे. नाहीतर सायकल बंद आणि कार्ल्याची फेरीही बंद.”

“अहो, पण आबांच्या मुलीचे दिवस भरलेत,” बाई म्हणाल्या. “पहिलटकरीण आहे. तिकडं दुसरं कोण जाणार?”

“म्हणून तुम्ही लॉरीखाली जायचं?”

डॉक्टरांचं काही चूक नव्हतं. आबा म्हणजे बाईंचे घरमालक, वलवणचे शेतकरी. त्यांची लेक कार्ल्याला दिलेली. बाई गेल्यावर मी चाक पुन्हा फिरवून बघितलं. सगळं ठीक. हाताला एक कडवट वास येत होता. तो मला आधीही आला होता, पण म्हटलं, बाईंच्या पिशवीतलं औषध सांडलं असेल.

रात्रभर मला चैन पडली नाही. सकाळी सायकल बाईंना दिली आणि दुपारी दुकान बंद करून मी स्वतःच वलवणला निघालो. म्हटलं, हा दिवा नक्की कुठं मरतो ते बघूच.

फार शोधावं लागलं नाही. गोठ्याच्या पडवीत बाईंची सायकल उलटी करून ठेवलेली आणि आबा मांडी घालून टायरला चिंधीनं काहीतरी चोळतायत. तोच कडवट वास. करंजाचं तेल!

“आबा, हे काय चाललंय?”

“या मिस्त्री. तेल पाजतोय. रोज पाजतो.”

“टायरला?”

“मग? हिरीवरच्या कातडी मोटंला पाजतो, बैलाच्या वाद्या-पट्ट्यांना पाजतो. न्हाईतर पावसात समदं कुजतं. माज्या पोरीसाटी बाई एवढ्या लांब जात्यात, त्यांच्या गाडीची निगा नगं राखाया?”

मी कपाळावर हात मारला. तेलावर पाणी पडल्यावर चकरी काय फिरणार, डोंबल! दुकानात मी टायर पुसून घ्यायचो, म्हणून दिवा लागायचा. आणि हे रोज माझ्या कामावर तेल फिरवत होते.

“आबा, तुमच्या तेलानंच दिवा विझतोय! याच्यापायी डॉक्टर बाईंची सायकल काढून घेतायत. मग कार्ल्याला कोण जाईल?”

आबांचा चेहरा पांढरा पडला. “आरं द्येवा! म्या माज्याच पोरीची वाट आडवली व्हय?”

मग मात्र म्हातारा उठला आणि चुलीतली राख घेऊन आला. गरम पाणी, रिठे, राख आणि काथ्या घेऊन आम्ही दोघांनी टायर असा घासला, की मी विकला त्या दिवशीही तो इतका स्वच्छ नसेल.

“पुन्हा रबराला तेल लावाल तर याद राखा!”

“मग लावू तरी कशाला?” आबा काकुळतीनं म्हणाले. त्यांना काहीतरी करायचं होतंच.

“कातड्याला लावा हो! हवं तेवढं लावा!” मी चिडून म्हणालो.

संध्याकाळी धो धो पावसात बाईंनी दवाखान्यासमोर चकरा मारल्या. दिवा जराही फडफडला नाही. डॉक्टर छत्रीतून बघत होते. “जा,” एवढंच म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी तिथंच भिजत उभा राहिलो.

त्याच आठवड्यात आबांची लेक बाळंत झाली. मुलगी. बाई वेळेवर पोचल्या होत्या.

तिथून परतताना त्या दुकानाशी थांबल्या, पण सायकलवरून उतरेनात.

“दिवा कसा आहे?” मी विचारलं.

“दिवा उत्तम आहे. सीट बदलून द्या.”

“का? सीट तर चांगली कातड्याची...” म्हणता म्हणता तो कडवट वास आला आणि मी पाना शोधायला वळलो. बाईंचं लुगडं पांढरंशुभ्र होतं, निदान पुढून तरी.

तेव्हापासून गिऱ्हाइकानं काय करू नये एवढंच सांगून मी थांबतो. काय करावं ते रागाच्या भरात सांगत नाही.