अर्थिंगला पाणी

जगात जे काही बिघडतं ते अर्थिंग नीट नसल्यामुळे, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. नवलाख उंबऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात ते वीज विभागाचे मिस्त्री होते आणि मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्यांचा साहेब, पण ते फक्त कागदोपत्री. उन्हाळ्यात सकाळची हजेरी लागली की चाचा बादली घेऊन निघत आणि आवारातल्या एकेका अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत. माती ओली असली तरच चुकार वीज मुकाट्याने जमिनीत उतरते, हे खरंच. पण चाचा पाणी घालता घालता खड्ड्यांची विचारपूसही करत. एकदा मळवलीला एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो, तर यजमानांनी दिलेला तांब्या घेऊन चाचा मीटरमागे गेले आणि तिथल्या कोरड्या खड्ड्यात रिकामा करून आले. "मी थांबतो वो, पर ह्यो कवाचा तान्हेला हाय," म्हणाले आणि जेवायला बसले. त्यांच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. वरात दारात आली आणि त्याच वेळी चाचांना दिसलं, की मांडवाच्या जनरेटरला अर्थिंगचा रॉडच ठोकलेला नाही. नव्या कोऱ्या शेरवानीत ते घण मारत बसले. व्याह्यांचा चेहरा उतरला, तसे आम्ही मध्ये पडलो. चाचा घण खाली न ठेवता म्हणाले, "पावनं अर्ध्या तासानं बी पावनंच ऱ्हात्यात."

या माणसाशी माझं वाकडं आलं ते त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर. कारखान्यात मोठा जनरेटर आला होता. बाहेरची वीज आणणारा ट्रान्सफॉर्मर आणि हा जनरेटर, दोघांना जोडून एकत्र चालवायचं होतं. दोघांचेही न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेज जिथे एकत्र येतात ती टोकं, जमिनीला जोडले की त्यांच्यामधून फुकटचा करंट फिरायचा आणि जनरेटर तापायचा. म्हणून मी जनरेटरचा न्यूट्रल सोडवून ठेवला. ट्रान्सफॉर्मरचा जोडलेला आहे, तेवढा पुरे, असं माझं मत. चाचांनी जनरेटरसाठी आणलेल्या नव्या केबलवरून हात फिरवला, तिच्यावर छापलेलं दोनदा वाचलं आणि माझ्याकडे आले.

"साहेब, भायेरची लाइन ट्रिप होऊन ट्रान्सफॉर्मर सुटला आन् जनरेटर चालूच ऱ्हायला, तर त्याला जमीन कुटं हाय? मग एक फेज कुटं टेकली, की बाकीच्या दोघींवर पावणेदोन पट ताण. ही केबल जमीन जोडलेल्या लाइनीची हाय. हिचं इन्सुलेशन तेवढं सोसायचं न्हाई."

त्यांना जास्त इन्सुलेशनची केबल हवी होती आणि ट्रान्सफॉर्मर सुटताक्षणी जनरेटरला आपोआप जमिनीशी जोडणारा स्विच. मला थांबायला वेळ नव्हता. चाचांनी तपासणीच्या कागदावर सही करायला नकार दिला. "आठच दिवस राहिलेत तुमचे, कशाला अडवता?" मी चिडून विचारलं. ते म्हणाले, "आठ दिसांनी मी जाईन. केबल हितंच ऱ्हानार हाय." शेवटी सही मीच केली. राग इतका होता, की त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी दोन शब्दही धड बोललो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

जायच्या दिवशी चाचांनी एक शेवटचं काम केलं. केबलच्या चरावर फरश्या होत्या आणि कँटीनला जायची आमची सगळ्यांची जवळची वाट त्या फरश्यांवरूनच होती. चाचांनी तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाभळीच्या फांद्या टाकून तारेने आवळून बांधल्या. आता जेवायला जाताना सबंध शेडला वळसा पडू लागला. लोक वैतागले, सगळ्यांत जास्त मी. फांद्या काढून टाका, असं मी दोनदा सांगितलं, पण चाचांनी बांधलेल्या गोष्टीला हात लावायला कुणी तयार होईना.

चैत्रातल्या एका दुपारी, नेमकं जेवणाच्या सुट्टीत, बाहेरची लाइन गेली. जनरेटर एकटाच चालत राहिला. त्यातच एका मोठ्या मोटरीचं वायंडिंग जळून फेज जमिनीला टेकली आणि थोड्याच वेळात चरातली केबल फुटली. फरश्या बाभळीसकट हवेत उडाल्या. त्या वेळी आमची सगळी माणसं आणि मी शेडच्या पलीकडच्या बाजूने, चाचांच्या नावाने बोटं मोडत, जेवायला निघालो होतो.

संध्याकाळी मी देहूरोडला त्यांच्या घरी गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं. "मी म्हणलो व्हतो" हे शब्द मला ऐकायचे होते, म्हणजे मन जरा हलकं झालं असतं. पण चाचांनी एवढंच विचारलं, "कुनाला लागलं न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यांनी मला चहा पाजला. मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "खड्ड्यांना पानी घालतंय ना कुनी?"

"घालतो ना," मी खोटं बोललो.

जास्त इन्सुलेशनची केबल आली, तो स्विचही बसला. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी स्वतः बादली भरून निघालो. पहिल्या खड्ड्यात पाणी ओतलं, तर भेगाळलेल्या मातीने ते आवाज करत पिऊन टाकलं. आसपास कुणी नाही असं बघून मी खाली वाकलो आणि हळूच विचारलं, "काय, बरं आहे ना?"