टेपला जरा बसू दे

त्या बाईंना मी दोनदाच भेटलो. माझ्या बायकोच्या, हिच्या, फुप्फुसावर डाग दिसला होता. आठ वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही तो असेल तर काळजी नाही, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. जुना स्कॅन मी घरात इतका जपून ठेवलेला, की तो कुठेच सापडेना. म्हणून तो जिथे काढला होता, त्या माजिवड्याच्या हॉस्पिटलच्या तळघरात आम्ही गेलो. तिथे जुने स्कॅन टेपवर साठवलेले असतात आणि त्या बाई ते सांभाळतात.

बाईंनी थंड खोलीतून तळहाताएवढी काळी टेप आणली. तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा तिला उलटा हात लावला आणि म्हणाल्या, "उद्या या."

"अहो मॅडम, मशीन समोरच आहे की!"

"थंडीतून आलीय. जरा बसू दे तिला. लगेच पळवली तर आतली पट्टी खराब होईल."

"यांनाही बाजारातून आल्यावर तासभर पंख्याखाली ठेवावं लागतं," ही म्हणाली. बाई खळखळून हसल्या. त्या हसण्यावर विसंबून आम्ही डोंबिवलीला परतलो आणि चक्क झोपलो.

दुसऱ्या दिवशी स्कॅन निघाला. डाग तेव्हाही होता, तेवढाच. डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. सांगायला मी खाली धावलो, तर बाई मशीनमधली टेपची काळी भुकटी पुसत होत्या.

"टेप संपली," त्या म्हणाल्या. "तिचं वय कधीच उलटलेलं. चालली तर एकदाच चालणार होती."

"काल बोलला नाहीत!"

"बोलले असते तर तुम्हा दोघांची झोप गेली असती. म्हटलं, माझी एकटीचीच जाऊ दे."